करंजपाड्याच्या राजदूतची व्यवस्था

मी, तृप्ती सोमा भोये, वय अठ्ठावीस, शिक्षण बी.एस्सी. (रसायनशास्त्र), नोकरी पाणी तपासणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत, मूळ राहणार करंजपाडा, तालुका पेठ, सध्या राहणार पेठ रोड, पंचवटी, नाशिक, आज शुक्रवार दिनांक १४ नोव्हेंबर २०२५ रोजी माझी शेवटची इच्छा माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट ज्यांना सांगितले त्यांनी असले काही लिहू नकोस असेच म्हटले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरात कोणीच केलेले नाही, त्यामुळे बघून लिहायला नमुना नव्हता. वकिलांनी दोन पानांचा मसुदा दिला. त्यातले कायद्याचे तेवढे घेतले आहे, बाकी माझे.

कारण असे की येत्या बुधवारी, १९ तारखेला, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी धोका शंभरात दोन-तीन सांगितला. प्रयोगशाळेत शंभरातले दोन-तीन नमुने दूषित निघाले तरी आम्ही ते अहवालात लिहितो. त्याच सवयीने हे लिहीत आहे.

माझ्याकडे वाटण्यासारखे फार नाही. खरा प्रश्न एकाच वस्तूचा आहे. माझे वडील कै. सोमा काळू भोये यांची राजदूत मोटारसायकल मी दोन वर्षे खपून पुन्हा चालती केली. मी गेले तर ती रस्त्यावर चालत राहील, की वडिलांच्या चिऱ्याजवळ पत्र्याखाली हार घालून उभी केली जाईल, एवढे ठरवण्यासाठी मी लिहायला बसले. (चिरा म्हणजे आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने उभा करतात तो कोरीव दगड.) बाकीची कलमे ओघाने येतील.

कलम १. माझे डोळे दान करावेत. फॉर्म भरलेला आहे, कार्ड पाकिटात आहे. डोळे सोडून बाकीचे सगळे विधी दत्तूकाका सांगतील तसे करावेत. दत्तूकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, दत्तू काळू भोये. त्यांच्याशी माझा वाद आहे, तो कलम ५ मध्ये येईल. पण विधींमधले त्यांना कळते, मला नाही. आणि त्या दिवशी मी वाद घालण्याच्या स्थितीत नसेन.

कलम २. बँकेतली शिल्लक, भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचे जे मिळेल ते, सर्व माझी आई पुतळाबाई हिला. करंजपाड्याचे घर तिच्या नावावर आहेच. डोंगरउतारावरच्या नागली-वरईच्या जमिनीत माझा जो वाटा असेल तोही तिला. मी एकुलती एक आहे, तेव्हा यात दुसऱ्या कोणाचा प्रश्न नाही. आईला सही येते. मी नववीत असताना तिला शिकवली. ती ‘पुतळा’ एवढे लिहून थांबते आणि पुढे ‘बाई’ लिहायला तयार होत नाही. बँकेने त्यावर अडवू नये. नमुना सही तीच आहे. पैसे काढायला सोबत येतो असे कोणी म्हणाले तरी आईने एकटीने जावे. कार्डाचा आकडा कोणालाही सांगायचा नाही, अगदी मलाही नाही, असे मी तिला शिकवले होते. त्यानंतर तिने मला तो खरेच सांगितलेला नाही.

कलम ३. माझी रसायनशास्त्राची पुस्तके करंजपाड्याच्या शाळेला द्यावीत. शाळा चौथीपर्यंत आहे आणि पुस्तके पदवीची आहेत, हे मला कळते. तरी द्यावीत. मी तिथे चौथीत होते तेव्हा कपाटात माझ्या इयत्तेच्या पुढचे एकही पुस्तक नव्हते, आणि पुढे काय असते हे बघण्यासाठी मला नाशिकला यावे लागले.

हत्यारे कोणालाच ठेवत नाही, कारण बहुतेक माझी नाहीत. ती सावळीराम मिस्त्रींची आहेत. मिस्त्री मूळचे चांदवडचे. पेठ नाक्याजवळ त्यांचे जुन्या गाड्यांचे गॅरेज आहे. गाडीचे जे काही मला येते ते त्यांनी शिकवले. त्यांना काहीतरी ठेवायचे मनात होते, पण ते साक्षीदार आहेत आणि वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नका, उगाच शंका येते. हे ऐकून मिस्त्री म्हणाले, “म्हणजे ताई, सही करायची मी अन् खायचं दुसऱ्यानं?” मग म्हणाले, “माझा दहा-अकराचा पाना तेवढा आत्ताच द्या. तो तसाही माझाच आहे.” पाना त्यांना दिला आहे.

कलम ४. राजदूत. नोंदणी क्रमांक सोबत जोडलेल्या आरसीप्रमाणे. वडिलांच्या पश्चात आईच्या ना हरकतीने ती २०२२ साली माझ्या नावावर झाली आणि पुनर्नोंदणीही झालेली आहे. त्या वेळी दत्तूकाका म्हणाले होते, “घे. भंगार हाय.” हे त्यांनी लक्षात ठेवावे.

वडील हातपंप दुरुस्तीच्या कामावर होते. तालुक्यातल्या कोणत्याही पाड्यावरचा पंप बंद पडला की निरोप यायचा आणि ते निघायचे. गाडी त्यांनी माझ्या जन्माच्या वर्षी जुनी विकत घेतली. पंपाच्या सळया दहा-दहा फुटी असतात. त्या नेता याव्यात म्हणून त्यांनी गाडीच्या डाव्या बाजूला दोन लोखंडी कड्या वेल्ड करून घेतल्या होत्या. सळयांची टोके पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागे शेपटीसारखी असायची. कोटंबी घाटात समोरून येणारी एसटी त्यांना लांबून बघूनच बाजूला थांबायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये वडील काविळीने गेले. आजारपण बारा दिवसांचे. गाडी घरामागे तीन पावसाळे उभी राहिली. कोंबड्या सीटवर बसत आणि मागच्या चाकाच्या तारांमधून घेवड्याचा वेल वर चढला होता. तो वेल काढताना आईने शेंगा आधी तोडून घेतल्या, मग गाडी टेम्पोत चढवू दिली.

पिस्टन आत अडकून बसला होता. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून डिझेल ओतले आणि म्हणाले, “आता पंधरा दिवस विसरून जा.” सिलेंडरला बोअरिंग, नवे रिंग-पिस्टन, क्लचप्लेटा, सगळी वायरिंग. मला सुट्टी फक्त रविवारी, म्हणून कामही फक्त रविवारी. टाकीतला गंज मी काढला. मिस्त्री टाकीत खडी घालून हलवतात; मी सायट्रिक आम्लाचे द्रावण करून दोन दिवस भरून ठेवले. टाकी आतून लख्ख निघाली. “लिंबू सरबत पाजलं की तुम्ही गाडीला!” असे मिस्त्री म्हणाले, आणि आता गिऱ्हाइकांना ही पद्धत स्वतःची म्हणून सांगतात. माझी हरकत नाही.

इथे एक चूक नोंदवते. मी गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी असेल तशी करायला गेले. त्यासाठी जुनी छापील माहितीपुस्तिका मिळवली. पुस्तिकेत कड्या नव्हत्या, म्हणून त्या कापून काढल्या, तिथे घासून रंग दिला. मार्च २०२४ मध्ये गाडी करंजपाड्याला नेली. आई ओट्यावर आली.

“कोनाची गाडी आनलीस?”

“आपलीच. बाबांची.”

“नाय. त्यांची अशी नव्हती.”

ती एकदा गाडीभोवती फिरली. मग नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून मागे बसली आणि पायांनी खाली काहीतरी चाचपायला लागली. “मी पाय कुठं ठेवू?” तिने विचारले. तेव्हा मला कळले की सळया नसतील त्या दिवशी मागच्या कडीवर आईचे पाय असायचे. बावीस वर्षे. माझ्या पुस्तिकेत ते नव्हते. पुढचे दोन रविवार कड्या पुन्हा करण्यात गेले. माप आईच्या पायांवरून घेतले. ती गॅरेजमध्ये गाडीवर बसली होती आणि मिस्त्री खडूने खूण करत होते.

आता व्यवस्था. ही गाडी मी आमच्या पाड्याची आशा कार्यकर्ती सविता बहिरू गावित हिला देत आहे. कारण सांगायचे तर माझ्या आजाराचे सांगावे लागेल. मी अकरा वर्षांची असताना सांधे सुजून ताप आला आणि तो हृदयाच्या झडपेला लागला. असा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन घ्यावे लागते, चाळिशीपर्यंत. वडिलांनी मला दर एकवीस दिवसांनी या गाडीवर पेठला नेले. अकरावीला मी नाशिकला वसतिगृहात आले, तर ते नाशिकला यायला लागले. दवाखाना वसतिगृहापासून दहा मिनिटांवर होता. मी त्यांना म्हटलेही, “बाबा, मी चालत जाईन की.” ते म्हणाले, “तू जाशील गं. पन तू गेलीस हे मला कसं कळंल?” अशी एकूण अकरा वर्षे.

आज पाड्यात हाच आजार हर्षाली नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला आहे. सविता तिला पेठला नेते. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि बाजार नसलेल्या दिवशी ती भरत नाही. सविताला मी गाडीचे विचारले तेव्हा ती म्हणाली, “ताई, मला स्कूटी येती. ह्या रेड्याला किक कोन मारील?” पण जूनमध्ये तिने गिअरच्या गाडीचा परवाना काढला, आणि शाळेच्या मैदानात ती या गाडीवरून फक्त दोनदा पडली.

गाडी पुढील अटींवर देत आहे: रंग बदलू नये. पेट्रोलमध्ये ऑइल मापानेच घालावे, अंदाजाने नाही. कड्या काढू नयेत. वरातीला किंवा मिरवणुकीला देऊ नये. दसऱ्याचा दिवस सोडून हार घालू नये. प्रत्येक एकवीस दिवसांच्या खेपेची तारीख वहीत लिहावी. पावसाळ्यात प्लग दर पंधरवड्याला खोलून साफ करावा. आणि कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सांगण्यावरून, ती चिऱ्याजवळ कायमची उभी करू नये.

कलम ५. हे दत्तूकाकांविषयी.

वडिलांचा चिरा २०२० मध्ये उभा केला. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. आमच्याकडे पुरुषाच्या चिऱ्यावर घोडाच असतो, कारण गेलेला माणूस घोड्यावर बसून जातो असे मानतात. माझे वडील आयुष्यात घोड्यावर बसले नाहीत. मी तेव्हाच म्हटले होते की मोटारसायकल कोरा. काका म्हणाले, “कोरनारा घोडाच कोरतो.” विषय संपला.

गाडी चकचकीत होऊन परत आली तेव्हा मात्र काका तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “आता शोभंल. चिऱ्याजवळ लावू.” त्यांचे म्हणणे असे की सोमादादाचा जीव त्या गाडीत होता, ती त्याच्याजवळ असली पाहिजे, तिच्यावर दुसरे कोणी बसले तर तो अस्वस्थ राहील. मी म्हटले, यंत्र उभे राहिले की मरते, तीन पावसाळ्यांत आपण बघितले आहे. ते म्हणाले, “आपन बी उभं राहून मरतो का?” मी म्हटले, काका, तुम्ही मुद्दा सोडून बोलता. त्यावर ते पंचवीस माणसांसमोर म्हणाले, “शिकली म्हनून बापाची मालकीन झाली का?”

हे वाक्य मी माफ केलेले नाही. नोंद म्हणून लिहिते. दुसरी नोंद अशी की वडिलांना त्या बारा दिवसांत झोळी करून रस्त्यापर्यंत नेणाऱ्यांत पुढचा खांदा काकांचा होता, आणि मी नाशिकला शिकायला निघाले तेव्हा माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत तेच चालले होते. पेटीत पुस्तके जास्त होती, त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

तोडगा म्हणून असे सुचवते: माझ्या शिलकीतून नवा चिरा करावा आणि त्यावर घोड्याऐवजी राजदूत कोरावी. मग खरी गाडी तिथे ठेवण्याचे कारण उरणार नाही.

कलम ६. हे कलम घरच्यांना मी गेल्यावरच कळावे अशी माझी इच्छा आहे.

वडील गेल्यावर अडीच वर्षे मी इंजेक्शन नियमाने घेतले. गाडीचे काम सुरू झाल्यावर चुकवायला लागले. इंजेक्शन घ्यायची सवड रविवारी सकाळी, आणि गॅरेजही रविवारी सकाळी. शिवाय ते कमरेत देतात आणि दोन दिवस ठणका राहतो. त्या पायाने किक मारता येत नसे. म्हणून पुढच्या रविवारी घेऊ असे म्हणत गेले. मिस्त्रींना हे माहीत नव्हते. त्यांना कोणी बोल लावू नये. मागच्या वर्षी ताप आला, तो मी थंडीचा समजले. दिवाळीच्या आधी जिना चढताना दम लागायला लागला. तपासणीत झडप अरुंद झालेली निघाली. इंजेक्शने चुकली नसती तर ऑपरेशन टळले असते का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी विज्ञान शिकले आहे. ‘सांगता येत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, हे मला समजते.

आईला एवढेच सांगितले आहे की आजार आपोआप वाढला.

पुरवणी. रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५.

सह्या आज करायच्या होत्या. आई आणि दत्तूकाका ऑपरेशनसाठी काल एसटीने आले आहेत. सकाळी मिस्त्री साक्षीदार म्हणून खोलीवर आले, तेव्हा काकांनी विचारले, “कसला कागद?”

“माझं मृत्युपत्र.”

“वाच.”

मी टाळायला बघितले. काका म्हणाले, “माझं नाव हाय ना त्यात? मंग वाच.” मी कलम १ पासून वाचले. डोळ्यांपाशी त्यांनी अडवले: “डोळे देऊन टाकले तर तिकडं वाट कशी दिसंल?” आई म्हणाली, “तिला दिसंल. तुम्ही ऐका.” ‘बाई’ लिहीत नाही हे ऐकून आईने मिस्त्रींकडे बघितले आणि म्हणाली, “एवढं लिहायला जागा कुठं असती?” कलम ५ मधल्या त्या वाक्यावर काका थोडे हलले. “म्हनालो होतो. खरं हाय,” एवढेच बोलले. माफी मागितली नाही, मीही अपेक्षा केली नव्हती.

कलम ६ वगळून वाचायचे ठरवले होते, पण कलम ५ नंतर एकदम सही आली असती, आणि काका पाने मोजत होते. म्हणून वाचले. आई उठली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. ती भांडी घासलेली होती.

मग काकांनी विचारले, “किती चुकली?”

“घेतली त्यापेक्षा जास्त.”

“दादानं किती चुकवली?”

“एक. ओढ्याला पूर होता. दुसऱ्या दिवशी नेलं.”

“मंग तू त्याची गाडी चमकवीत बसलीस, अन् त्याचं काम सोडलंस.”

हे वाक्य काकांचे आहे आणि ते बरोबर आहे, असे मी इथे लिहून ठेवते.

मिस्त्री उठून खिडकीपाशी गेले. काका म्हणाले, “त्या हर्षालीचा दिस कवा?”

“परवा. मंगळवारी.”

“अन् तुझं बुधवारी. म्हंजे तू मेलीस तर त्या पोरीला गाडी, अन् जगलीस तर तिनं जीप भरायची वाट बघत बसायचं?”

“मी बरी झाले की स्वतः जाऊन देणारच होते, काका.”

“बरं व्हाया किती दिस?”

“तीन महिने तरी.”

त्यांनी बोटांवर मोजले. “चार खेपा,” म्हणाले. “किल्ली कुठं हाय?”

मी म्हटले, “आणि चिऱ्याचं?”

“दादाला तिकडं घोडा दिलेला हाय. दोन-दोन गाड्या काय करतो तो?”

आधी मिस्त्री हसले. मग मोरीतून आई हसली. काका शेवटी हसले, तेही कोणी बघत नाही असे बघून.

सविताला फोन केला. ती दुपारच्या एसटीने आली. मी तिला अटी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, “ताई, हे सगळं पाठ करू, का गाडी चालवू?” मी तिला ऑइलचे माप दाखवले आणि अटींचा परिच्छेद खोडला. गाडीच्या हस्तांतराच्या फॉर्मांवर दोघींच्या सह्या झाल्या आहेत. ते मिस्त्री उद्या कचेरीत देतील. गाडी माझ्या खोलीसमोरच उभी होती; मला आता किक मारण्याची मनाई आहे, म्हणून मी पायरीवर बसून होते. सविताच्या पहिल्या तीन किका वाया गेल्या. “चोक!” मिस्त्री ओरडले. चौथीला इंजिन लागले.

काका सविताच्या मागे जाऊन बसले. मी विचारले, “तुम्ही कुठे?” म्हणाले, “घाटात बंद पडली तर ढकलाया मानूस पायजे.” ते मंगळवारी मुलीला दवाखान्यात नेऊन आणेपर्यंत थांबतील आणि संध्याकाळच्या एसटीने इकडे येतील. त्यांना या मृत्युपत्राने काहीच मिळत नाही, म्हणून ते साक्षीदार चालतात. सहीसाठी त्यांना गाडीवरून खाली उतरवावे लागत आहे. गाडी बंद करायला सविता तयार नाही, पुन्हा लागेल की नाही म्हणते. आणि पेट्रोल जळतंय, लवकर आटपा, असे मिस्त्री म्हणत आहेत. म्हणून शेवटचे थोडक्यात.

कलम १, २ आणि ३ आहेत तशी राहतील. अंमलबजावणी आईने करावी. कलम ५ मधील नवा चिरा रद्द. आहे तो घोडा राहू द्यावा. त्यातल्या दोन्ही नोंदी राहू द्याव्यात. कलम ६ खोडू नये.

कलम ४ मी काढून टाकत आहे. मृत्युपत्राने आपल्या मालकीच्या वस्तूंचीच व्यवस्था करता येते, आणि राजदूत आज दुपारपासून माझी नाही.

सर्व खाडाखोड माझ्या हाताची असून प्रत्येक ठिकाणी मी आद्याक्षरे केली आहेत. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, त्यांनी ऐकला, आणि त्यांच्या देखत मी सही केली व माझ्या देखत त्यांनी.

ठिकाण: पेठ रोड, पंचवटी, नाशिक
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वातीन

लिहून देणार:
तृप्ती सोमा भोये (सही)

साक्षीदार:
१. सावळीराम मिस्त्री, पेठ नाका, नाशिक (सही; बोटाच्या ग्रीसचा डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये)
२. दत्तू काळू भोये, करंजपाडा, तालुका पेठ (सही, सीटवर कागद ठेवून केली, गाडी चालू असल्याने अक्षर हलले आहे)